‘आलम आरा’ आणि मास्टर विठ्ठल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास्टर विठ्ठल कोण होते?

मूकपटांच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांत मुंबईच्या पडद्यावर सर्वांत लोकप्रिय असलेल्या नायकांपैकी ते एक होते, आणि १९३१ साली प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या भारतातील पहिल्या बोलपटाचे ते नायक होते. लहानपणी ते राजापूरकर नाटक मंडळीत रंगमंचावर उभे राहिले. पुढे कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते शिरले, ते मात्र नट म्हणून नव्हे, तर संकलनाच्या कामावर. पडद्यावर ते पहिल्यांदा दिसले ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटात, आणि तेही नर्तकीच्या वेषात. स्त्री-भूमिका पुरुषांनीच करण्याची नाटकातील रीत मूकपटांतही बराच काळ चालू असल्यामुळे त्या काळी यात कोणालाही वावगे वाटले नसावे. पुढे तलवारबाज नायक म्हणून गाजलेल्या माणसाची सुरुवात घुंगरू बांधून झाली होती, हे मात्र आज वाचताना गंमतीचे वाटते.

‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ असे त्यांना का म्हणत?

१९२५ मध्ये मुंबईत भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी सुरू केली. ‘रतन मंजरी’ (१९२६) या तिच्या चित्रपटात विठ्ठल यांना नायकाची भूमिका मिळाली आणि तेथून पुढे शारदा म्हणजे विठ्ठल, असे समीकरणच जमले. हे बहुतेक साहसपट असत. संकटात सापडलेले राज्य, कपटी सेनापती किंवा प्रधान, वेष बदलून फिरणारा राजपुत्र, आणि दर दहा मिनिटांनी तलवारीचा खणखणाट, जो अर्थातच प्रेक्षकाला फक्त दिसत असे. तटावरून उडी, घोडदौड, एकाच वेळी चौघांशी झुंज या गोष्टी विठ्ठल सफाईने करत. अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स यांची ख्याती अशाच कामांवर उभी होती, म्हणून ही उपमा त्यांना चिकटली. त्या काळातील सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या नटांमध्ये त्यांची गणना होत असे.

या लोकप्रियतेचा पाया शरीर होता, हे येथेच लक्षात ठेवावे. मूकपटाला भाषा नव्हती. मधूनमधून येणाऱ्या पाट्या दोन-तीन लिप्यांत छापल्या की तोच चित्रपट गिरगावात चाले आणि लाहोरातही चाले. पाटी वाचता न येणाऱ्यालाही विठ्ठल यांची उडी समजत असे.

‘आलम आरा’ हा नेमका कसला चित्रपट होता?

इंपीरियल फिल्म कंपनीचे अर्देशिर इराणी यांनी तो निर्माण व दिग्दर्शित केला. इराणी मूळचे पुण्याचे. मुंबईच्या एक्सेल्सियर चित्रगृहात ‘शो बोट’ हा अमेरिकन बोलपट पाहून त्यांना हिंदुस्थानी बोलपट काढण्याची कल्पना सुचली, असे ते स्वतः सांगत. कथा त्यांनी पारशी रंगभूमीवरून उचलली. नाटककार होते जोसेफ डेव्हिड.

राजाच्या दोन राण्या, दिलबहार आणि नौबहार. दोघींनाही मूल नाही. नौबहारला पुत्र होईल, असे भविष्य फकीर सांगतो आणि सवतीमत्सर पेटतो. दिलबहार सेनापती आदिलकडे प्रेमयाचना करते, तो ती झिडकारतो, म्हणून सूडाने त्याला तुरुंगात डांबते. त्याची मुलगी आलम आरा भटक्यांच्या टोळीत वाढते, आणि पुढे राजपुत्र तिच्या प्रेमात पडतो. विठ्ठल राजपुत्र झाले, जुबेदा आलम आरा झाल्या आणि पृथ्वीराज कपूर आदिल झाले. चित्रपटाची लांबी १०,५०० फूट, म्हणजे सुमारे दोन तास होती, गाणी सात होती आणि खर्च सुमारे चाळीस हजार रुपये आला.

नायकाच्या भूमिकेसाठी आधी दुसऱ्याच कोणाचा विचार झाला होता, हे खरे आहे का?

होय. इंपीरियलमध्ये तेव्हा किरकोळ भूमिका करणारे मेहबूब खान यांचे नाव आधी ठरले होते. बोलपट हा मोठा जुगार असल्याने पाटीवर चालणारे नाव हवे, असा व्यापारी विचार पुढे आला आणि विठ्ठल यांना घेण्यात आले. हेच मेहबूब पुढे ‘मदर इंडिया’चे दिग्दर्शक म्हणून कोठे पोहोचले हे सर्वांना ठाऊक आहे. ही भूमिका मिळाली असती तर ते दिग्दर्शनाकडे वळले असते का, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मग बॅरिस्टर जिनांचा यात संबंध कसा आला?

विठ्ठल शारदा कंपनीशी कराराने बांधलेले होते. पहिल्या बोलपटाचा नायक होण्याची संधी समोर दिसताच त्यांनी शारदा सोडली आणि कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे महंमद अली जिना, आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी किस्सा म्हणून सांगितला जातो. त्यात जिनांच्या नावाचे आकर्षण मोठे असल्यामुळे मुख्य गोष्ट मागे पडते. ज्या कंपनीने विठ्ठल यांना घडवले आणि ज्या प्रकारच्या चित्रपटांत त्यांना तोड नव्हती, ती कंपनी व तो प्रकार त्यांनी कोर्टात भांडून सोडला, आणि ज्या माध्यमात त्यांच्या हुकमी पानांपैकी एकही चालणार नव्हते, त्यात ते गेले. तेव्हा हे कोणालाही कळणे शक्य नव्हते; बोलपट म्हणजे मूकपट अधिक आवाज, अशीच सर्वांची समजूत होती.

‘आलम आरा’चे ध्वनिमुद्रण कसे झाले?

हे समजून घेतल्याशिवाय विठ्ठल यांचे काय झाले ते समजणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

इराणींनी अमेरिकेहून टॅनर पद्धतीची यंत्रणा मागवली. तिच्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फिल्मवर उमटत. आवाज वेगळ्या फिल्मवर घेऊन नंतर जुळवण्याची सोय नव्हती. एखादा शब्द चुकला, कोणी खोकले, बाहेर कुत्रे भुंकले, तर तो तुकडा फेकून द्यायचा आणि पुन्हा घ्यायचा, एवढाच उपाय होता. यंत्रणेबरोबर विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ आले. त्यांचा मेहनताना दिवसाला शंभर रुपये होता, आणि १९३०-३१ साली ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. तेव्हा इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी डेमिंग यांच्याकडून काम शिकून घेतले आणि पुढचे मुद्रण स्वतःच केले.

स्टुडिओ केनेडी पुलाजवळ होता, आणि शेजारून रेल्वेचे रूळ जात होते. भिंती आवाजबंद नव्हत्या. दिवसा दर काही मिनिटांनी गाडी धडधडत जाई. त्यामुळे लोकलगाड्या थांबल्यावर, साधारणपणे रात्री एक ते पहाटे चार या वेळात, बरेचसे चित्रण उरकावे लागे. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून मिळेल तेथे दडवलेले असत. नटाने त्यांच्या टप्प्यातच उभे राहायचे, त्यांच्याच दिशेने बोलायचे आणि बोलताना मान फारशी वळवायची नाही. गाणे असेल तर वादकांनाही चौकटीबाहेर पण जवळच कोठे तरी लपून बसावे लागे, कारण गाणे आणि साथ दोन्ही त्याच क्षणी मुद्रित होत. वझीर महंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायलेल्या ‘दे दे खुदा के नाम पे’ या गाण्याला हार्मोनियम आणि तबला एवढीच साथ होती. हिंदी चित्रपटातील पहिले गाणे म्हणून ते आज ओळखले जाते.

आता या जागेत तटावरून उडी मारणाऱ्या नायकाला उभे करून पाहा. त्याच्या पायांना काम नाही. लपवलेल्या मायक्रोफोनपासून तो चार पावले दूर गेला तर त्याचा आवाजच हरवतो.

पहिल्या बोलपटाचा नायक चित्रपटभर जवळजवळ गप्पच होता, असे म्हणतात. ते कशामुळे?

मुख्य कारण भाषेचे होते. चित्रपटाची भाषा पारशी रंगभूमीची, म्हणजे उर्दूकडे झुकलेली हिंदुस्थानी होती. इराणींनी ती जाणून स्वीकारली, कारण उत्तर भारतापासून मुंबईपर्यंतचा गिऱ्हाईक सांभाळायचा तर तेवढी एकच भाषा कामाची होती. या भाषेत संवाद म्हणजे जवळजवळ पद्यच. ‘क़ाफ’ आणि ‘काफ’ यांतला, ‘ज’ आणि ‘ज़’ यांतला फरक जिभेवर हवा, वाक्याच्या शेवटी आवाज चढवून टाळी घेता यायला हवी. मराठी मुलखात वाढलेल्या आणि मराठी नाटक मंडळीत तयार झालेल्या विठ्ठल यांना ती जमेना.

नट बदलणे शक्य नव्हते, कारण त्यांच्या नावावर तर सारा डाव मांडलेला होता, आणि त्यांच्यासाठी कोर्टाची पायरीही चढून झाली होती. दुसऱ्याचा आवाज घालणेही या यंत्रणेत शक्य नव्हते. मग मधला मार्ग निघाला, आणि तो असा की राजपुत्राला बराच वेळ गुंगीत किंवा अर्धवट शुद्धीत असल्यासारखे दाखवायचे, म्हणजे त्याला बोलावे लागणार नाही. ‘शंभर टक्के बोलणारा’ अशी जाहिरात झालेल्या चित्रपटाचा नायक सर्वांत कमी बोलत होता. ही युक्ती चित्रपटापुरती यशस्वी झाली. विठ्ठल यांच्या दृष्टीने मात्र ती नापासाचा दाखला ठरली, कारण मुंबईतील प्रत्येक निर्मात्याने तो चित्रपट पाहिला.

म्हणजे त्यांचा आवाज वाईट होता का?

असे म्हणायला काहीही आधार नाही, आणि हा समज सोडून द्यावा. रंगमंचावर लहानपणापासून वावरलेला माणूस बोलायला बिचकत नसतो. पुढे त्यांनी मराठी बोलपटांत नायकाच्या भूमिका केल्या, आणि तेथे त्यांना बेशुद्ध पाडावे लागले नाही. अडचण घशाची नव्हती. एक तर भाषा परकी होती, आणि दुसरे म्हणजे ज्या हालचालीवर त्यांची सारी मदार होती ती हालचालच ध्वनियंत्राने काही काळ बंद करून टाकली होती. या दोनपैकी दुसऱ्या कारणाकडे लेखकांचे लक्ष कमी जाते. माझ्या मते तेच अधिक वजनदार आहे. भाषा वर्ष-दोन वर्षांत शिकता येते. साहसपट पुन्हा मोकळेपणाने धावू-पळू लागेपर्यंत मात्र नवे, तरुण नायक आणि नायिका पुढे आल्या होत्या.

जुबेदा आणि पृथ्वीराज यांना हीच अडचण का आली नाही?

पृथ्वीराज पेशावरकडून आलेले आणि नाटकात मुरलेले. त्यांचा आवाज आणि त्यांची जबान दोन्ही या कामासाठीच घडल्यासारखी होती. जुबेदा या दिग्दर्शिका फातमा बेगम यांच्या कन्या. घरातच उर्दू होती.

चित्रपटाला प्रतिसाद कसा मिळाला?

१४ मार्च १९३१ रोजी, शनिवारी, गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात तो लागला. लोक सकाळपासूनच जमले. त्या काळी रांग लावण्याची पद्धत नव्हती. तिकिटाची खिडकी म्हणजे धक्काबुक्कीचा आखाडाच असे. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, कंपनीच्या माणसांनाच आत शिरायला कष्ट पडले आणि चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले. चित्रपट आठ आठवडे चालला. मॅजेस्टिक चित्रगृह पुढे पाडण्यात आले. आज तेथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे.

ध्वनीचा दर्जा सुमार असल्याची तक्रार तेव्हाच्या काही जाणकारांनी केली होती. प्रेक्षकांना तिचे काही सोयरसुतक नव्हते.

बोलपट आल्यामुळे इतर कोणाची कारकीर्द अडखळली का?

सर्वांत बोलके उदाहरण सुलोचना यांचे आहे. मूळ नाव रूबी मायर्स, जन्म पुण्यातील बगदादी ज्यू कुटुंबात, आणि चित्रपटात येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. इंपीरियलच्या त्या पहिल्या क्रमांकाच्या नायिका असल्यामुळे ‘आलम आरा’ची भूमिका सहज त्यांच्याकडे जायची, पण हिंदुस्थानी सफाईने बोलता येत नसल्याने ती जुबेदा यांना मिळाली. म्हणजे भाषेची कसोटी नायिकेला लावली गेली आणि नायकाला सवलत मिळाली. हा फरक पुरेसा बोलका आहे.

मात्र परिणाम उलटा झाला. सुलोचना वर्षभर बाजूला बसल्या, त्यांनी भाषा शिकून घेतली आणि ‘माधुरी’ (१९३२) या बोलपटातून त्या परतल्या. मग आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या त्यांनी केल्या: १९२८ च्या ‘अनारकली’ची १९३५ मध्ये, आणि ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ची ‘बम्बई की बिल्ली’ या नावाने १९३६ मध्ये. त्यानंतर त्यांचाही काळ ओसरला, पण ती पाच-सहा वर्षे त्यांनी मिळवली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. विठ्ठल यांना तयारीसाठी असे वर्ष मिळाले असते तर त्यांचीही गोष्ट थोडी वेगळी झाली असती.

हॉलिवूडच्या जॉन गिल्बर्टशी त्यांची तुलना योग्य आहे का?

काही अंशी. गिल्बर्ट हे मूकपटांचे मोठे प्रणयी नायक, आणि १९२९ च्या ‘हिज ग्लोरियस नाइट’ या बोलपटानंतर त्यांची घसरण झाली. त्यांचा आवाज चिरका होता, म्हणून लोक हसले, अशी कथा अनेक वर्षे चालली. पुढे त्यांचे बोलपट पुन्हा पाहिले गेले तेव्हा आवाज अगदी बरा असल्याचे दिसले. हसू आले असेल तर ते अवजड प्रेमसंवादांमुळे. आवाजावर खापर फोडणे सोपे असते, एवढे साम्य दोन्हीकडे आहे.

फरक मोठा आहे. गिल्बर्ट स्वतःच्या मातृभाषेत बोलत होते. विठ्ठल यांना दुसऱ्या भाषेत, तेही तिच्या अलंकृत नाटकी रूपात, आणि देशातील पहिल्याच प्रयोगात बोलायचे होते. शिवाय गिल्बर्ट १९३६ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच वारले. विठ्ठल पुढे अनेक वर्षे काम करत राहिले.

‘आलम आरा’नंतर विठ्ठल यांनी काय केले?

त्याच वर्षी सागर कंपनीच्या ‘मेरी जान’ या बोलपटात जुबेदा यांच्यासोबत ते पुन्हा राजपुत्र झाले. पण पूर्वीची जागा काही परत मिळाली नाही. हिंदी बोलपटात आता गाणारा किंवा उर्दू संवाद फेकणारा नायक हवा होता.

मग ते मराठीकडे वळले, आणि हा टप्पा उगाच दुर्लक्षिला जातो. ‘अयोध्येचा राजा’ने १९३२ मध्ये मराठी बोलपटाची वाट मोकळी केली होती. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोनसाठी विठ्ठल यांनी ‘औट घटकेचा राजा’ (१९३३) हा चित्रपट दिग्दर्शित केला. हिंदीत तो ‘आवारा शहजादा’ या नावाने निघाला. त्यात शाहू मोडक यांनी दुहेरी भूमिका केली, आणि भारतीय बोलपटातील ती पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. म्हणजे ज्या माणसाला बोलपट जमला नाही असे म्हणतात, त्यानेच दोन वर्षांत बोलपट दिग्दर्शित करून एक नवी तांत्रिक करामतही पडद्यावर आणली. पार्श्वनाथ आळतेकर यांच्या ‘छत्रपती संभाजी’ (१९३४) मध्ये ते झळकले, भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) मध्येही होते. मराठी ऐतिहासिक चित्रपटात घोडा होता, तलवार होती आणि मातृभाषा होती. विठ्ठल यांना एवढेच हवे होते. १९४० च्या दशकात ते हळूहळू दुय्यम भूमिकांकडे सरकले.

सर्वाधिक मोबदला घेणारा नायक ते दुय्यम भूमिका, ही उतरंड खरी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पण ‘एका चित्रपटाने कारकीर्द संपली’ हे विधान या नोंदींपुढे टिकत नाही.

‘आलम आरा’ आज पाहता येईल का?

नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जाहिराती, स्थिरचित्रे आणि छापील मजकूर एवढेच हाती आहे. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली, असे वारंवार छापले जाते. परंतु राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर यांनी हे खोडून काढले होते. संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्याकडे ही प्रत कधी आलीच नव्हती. त्या काळची नायट्रेट फिल्म लवकर पेट घेई किंवा डब्यातच कुजे, आणि तिच्यातील चांदी काढण्यासाठी जुन्या प्रती विकून टाकण्याची चालही होती. गाण्यांच्या तबकड्याही तेव्हा निघाल्या नाहीत.

याचा अर्थ विठ्ठल यांच्या उच्चारांबद्दल आणि त्या गुंगीतल्या राजपुत्राबद्दल आपण जे बोलतो ते सारे समकालीनांच्या सांगण्यावरून. ऐकून निवाडा करण्याची सोय राहिलेली नाही.

नंतर निघालेले ‘आलम आरा’ पाहून मूळ चित्रपटाची कल्पना येते का?

कथेची येते, बाकी फारशी नाही. नानूभाई वकील यांनी १९५६ आणि १९७३ मध्ये याच नावाचे चित्रपट केले, आणि दोन्हींत फकिराची भूमिका पुन्हा वझीर महंमद खान यांनाच दिली. पण १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायन रुळले होते आणि आवाज वेगळा मुद्रित करण्याची सोय आली होती, त्यामुळे मायक्रोफोनपाशी जखडलेले नट या आवृत्त्यांत दिसत नाहीत. राजपुत्रही त्यांत नीट बोलतो.